अळणी पावसाळा

कंपनी म्हणजे नेमकं कोण, हे आमच्या पाड्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मला थोडंफार कळलं होतं, कारण जव्हारच्या शाळेत मी चार बुकं शिकून आलो होतो. पण कळून काडीचा उपयोग झाला नाही. इतकी वर्षं उलटली तरी त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. म्हातारपणी माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळलो नाही.

आमचा पाडा पोशेरा गावाच्या वरच्या अंगाला. मोजकी घरं, उताराची जमीन, खाचरात भात आणि वरच्या हलक्या वरकस जमिनीवर नागली, म्हणजे नाचणी. मी सांगतो ती गोष्ट जव्हार संस्थानाच्या काळातली, पहिल्या मोठ्या लढाईच्या आधीची. बा नुकताच गेला होता. घरात आई नव्हती. दादा, वहिनी, मी, माझी बायको आणि आमचं रांगतं मूल, एवढेच आम्ही एका चुलीवर जेवत होतो.

आमची शेती राबावर चालायची. राब म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. उन्हाळ्यात रोपाच्या वाफ्यावर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत असं थरावर थर पसरायचं आणि पेटवून द्यायचं. माती भाजून निघते, तणाचं बी जळतं आणि राखेवर रोप असं तरारून येतं की बघत राहावं. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षभर काय खायचं हा प्रश्न. फांद्या बहुतेक ऐनाच्या. झाड पाडायचं नसतं, वरच्या फांद्या तेवढ्या उतरवायच्या; त्याला आम्ही झाड खवळणं म्हणतो. पुढच्या साली झाड पुन्हा भरून येतं. आमच्या वाडवडिलांनी खवळलेल्या ऐनांनाच त्यांचे नातूही खवळत होते.

दुसरी एक रीत होती, तिच्यावरच ही सगळी गोष्ट उभी आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जव्हारला गाऱ्हाण्यांची बैठक भरायची. चार-पाच पाडे मिळून आपला एक बोलणारा पाठवायचे. तो तिथे मोठ्या कारभाऱ्यांसमोर उभा राहून पाड्यांचं काय दुखतंय ते आपल्या बोलीत सांगायचा. बोलणारा निवडायचा तो भादव्यात, वाघदेवाच्या दगडापाशी. ज्यांना लोक लायक समजत ते दगडाला पाठ टेकून बसत, आणि प्रत्येक चुलीमागे एक ऐनाचं पान त्यांच्यापुढे पडे. माणसामागे नव्हे, चुलीमागे. त्यामुळे जिची चूल वेगळी, अशा विधवा बाईलाही तिचं पान टाकता यायचं. ज्याच्यापुढे ढीग मोठा, तो बोलणारा. पुढे तीच पानं वाळून कुणाच्या तरी राबात जायची.

गेली काही वर्षं ढीग दादापुढे पडत होता. गंमत अशी की घरात दादा जवळजवळ मुका. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडून दहा शब्द निघाले तर वहिनी म्हणायची, "आज लय बोललास, घसा बसल बघ. दसऱ्याला काय उरंल?" पण बैठकीत उभा राहिला की हा वेगळाच माणूस. आवाज चढवायचा नाही, हात उडवायचे नाहीत. पाणवठा आटला, वाघानं वासरं नेली, वेठीला माणसं पेरणीच्या दिवसांतच का नेता, असं एकेक शांतपणे ठेवत जायचा. निम्म्या गोष्टींचं काही व्हायचं नाही, हे आम्हालाही माहीत होतं. पण निम्म्यांचं व्हायचं. आणि आपलं माणूस आपल्या तोंडानं बोललं, एवढ्यावर पाडे वर्ष काढायचे. दादा भादव्यापासून मनात बोलणं जुळवत असायचा. बांधावरचं गवत कापताना त्याचे ओठ हलताना दिसायचे.

कंपनी आली ती लाकडासाठी. खालच्या बाजूला तिनं रानाचा मक्ता घेतला. गाड्या साग भरून बंदराकडे जायच्या आणि परतीला रिकामं कशाला यायचं म्हणून मीठ घेऊन यायच्या. मोखाड्याच्या बाजारात कंपनीचं मिठाचं दुकान निघालं. पूर्वी बैलांवर गोणी लादून मीठवाले यायचे, नागलीच्या मापाला मिठाचं माप द्यायचे, दोन रात्री पाड्यावर राहून खालच्या गोष्टी सांगायचे. कंपनीच्या मिठाचं माप मोठं पडायचं. झालं, सगळे तिकडे वळले. बैलवाले यायचे बंद झाले, तेव्हा कुणी हळहळलंसुद्धा नाही. मीही नाही.

मग कंपनी उदार झाली. एका दसऱ्याला बैठकीवर तिनं मांडव घातला. आजवर आम्ही उन्हात उभे असायचो. सावली मिळाली म्हणून सगळे खूश. पुढच्या वर्षी तिनं आलेल्या सगळ्यांना जेवण घातलं. भात, डाळ आणि वर एकेक लाडू. आम्ही जेवलो. दादाही जेवला, अर्धा लाडू वहिनीसाठी पंच्यात बांधून घेतला. त्याच्या पुढच्या वर्षी कळलं की बैठकीचा सगळा खर्च आता कंपनीच करते, शिवाय कारभाऱ्यांच्या बाजूला आणखी बरंच काही देते. किती ते आम्हाला कोण सांगणार? त्या वर्षी पुढच्या रांगेत एक खुर्ची वाढली आणि तिच्यात मोखाड्याच्या दुकानाचा गुमास्ता बसला. जाडा मनुष्य, बोटात अंगठ्या, बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या डोक्यावरून बघायचा. दादा बोलत असताना तो सुपारी कातरत होता.

आणि त्याच्या पुढच्या दसऱ्याला एका कारकुनानं उभं राहून सांगितलं की यापुढे पाड्यांनी आपापली माणसं पाठवायचं कारण नाही. एवढ्या लांबून चालत येऊन लोकांचे हाल होतात. कंपनीच्या गाड्या सगळीकडे फिरतात, तिला सगळ्यांची सुखदुःखं ठाऊक असतात, तेव्हा सगळ्या पाड्यांच्या वतीनं कंपनीचा माणूसच बोलेल. हे त्यानं इतक्या गोड आवाजात सांगितलं की मागे उभ्या असलेल्यांपैकी काहींनी मान डोलावली. महाराजांच्या कानावर हे होतं की नाही, देव जाणे. दादा उभा राहिला होता, त्याला खाली बसवलं. त्याचं जुळवलेलं बोलणं त्या वर्षी पोटातच राहिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्याचा अर्थ कळला. ऐनाला कोयता लावायचा नाही, असा हुकूम फिरला. आमच्या बाजूचंही रान आता कंपनीच्या मक्त्यात गेलं होतं, फांद्यासुद्धा तिच्याच. गाऱ्हाणं असेल तर कुणाकडे द्यायचं? कंपनीच्या गुमास्त्याकडे! मी हे ऐकलं तेव्हा हसत सुटलो. वहिनीला वाटलं मला भुतानं झपाटलं.

पाडे वाघदेवापाशी जमले. पुरुष नेहमीप्रमाणे जमिनीकडे बघत बसले. शेजारची काकी, जिची चूल वेगळी होती आणि जीभ त्याहून वेगळी, ती उठून म्हणाली, "त्याचा आपण काय घेतो? मीठच ना? नको मग त्याचा मीठ. बघू कोनाला इकतो."

कुणीतरी म्हणालं, "आणि खायाचा काय?"

"अळणी खायाचा. सुतकात नाय का खात? हा पन सुतकच समज."

मला तेव्हा स्फुरण चढलं. मी उभा राहून शाळेतलं सगळं शहाणपण पाजळलं. कंपनी म्हणजे एक माणूस नव्हे, मुंबईत बसलेली पुष्कळ माणसं, त्यांनी आपल्याला कधी पाहिलेलंही नाही, प्रत्येकाचा त्यात थोडाथोडा पैसा. गुमास्ता हा नुसता चाकर. आपलं भांडण त्याच्याशी नाही, त्या सगळ्यांशी आहे. लोक ऐकून घेत होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजे तिला आय-बा नाय?"

"नाही."

"मग मरल कशी ती?"

काकी म्हणाली, "भांडायचा तर समोर मानूस लागतो बाबा. आपल्याला तो अंगठीवाला बरा." सगळे हसले. मीही बसलो. पण तिथेच आमची गाडी चुकीच्या चाकोरीत गेली, असं मला आता वाटतं.

प्रत्येक चुलीनं वाघदेवावर एक पान ठेवलं. ऐनाचं पान तोडणं हाही आता गुन्हा होता, म्हणून खाली पडलेली सुकी पानं वेचून आणली होती. दादानं शब्द सांगितले, बाकीच्यांनी मागून म्हटले: बोलणं परत मिळे तवर त्या दुकानाचा मीठ नाय.

आमच्याकडे पावसाळ्याआधी आगोट भरतात. पुढे ओढे चढतात, वाटा बंद होतात, म्हणून चार महिन्यांचं मीठ, सुकी मासळी, मिरची घरात आणून ठेवायची. त्या वर्षी आगोटीच्या बाजारात मोखाड्याला मिठाचे ढीग पांढरे लख्ख लागले होते, आणि आमच्या डोंगरातली माणसं त्यांच्यासमोरून जात होती. बायका मान वळवून जात होत्या. सुकी मासळीही घेतली नाही, कारण ती खारवलेली आणि त्याच गाड्यांतून आलेली. आजूबाजूच्या कितीतरी पाड्यांना बातमी लागली होती. न सांगता तेही सामील झाले. गुमास्ता ओट्यावर बसून मोठ्यानं हसला आणि कुणाला तरी म्हणाला, "येतील. जीभ आहे ना तोंडात." पुढच्या बाजारी तो हसत नव्हता. त्याच्या पुढच्या बाजारी त्यानं माप वाढवून देतो म्हणून हाकारे घातले. कुणी वळून बघितलं नाही. आयुष्यात मला आमच्या लोकांचा असा अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

पण अळणी खाणं म्हणजे काय, हे चार दिवसांचं सुतक पाळून कळत नाही. पहिले दिवस चेष्टेत गेले. चिंच घातली, अंबाडी घातली, मिरची ठेचून घातली. जीभ फसायची, अंग फसत नव्हतं. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून उभं राहिलं की पोटऱ्यांत गोळे यायचे आणि माणूस तिथेच चिखलात बसायचा. डोकं हलकं व्हायचं. खाचरातले खेकडे भाजून खाल्ले, पण मिठाशिवाय खेकडा म्हणजे काय खाणं आहे? बैल आमचे हात चाटायचे, भिंती चाटायचे. आमचं मूल माझ्या दंडाला तोंड लावून घाम चोखायचं. बायको ते बघून रडली आणि माझ्यावर ओरडली, "तुमच्या बोलन्यासाठी माझा पोर बैल झाला." शेजारच्या गावातून तिचा भाऊ मूठभर मीठ घेऊन आला होता, ते तिनं रागानं माझ्यासमोर ओढ्यात टाकलं. घेतलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण आमच्या चुलीचं पान वाघदेवावर होतं, आणि ती चूल तिचीही होती.

त्यातून त्या वर्षी राब नव्हता. नुसत्या शेणगवतावर भाजलेल्या वाफ्यात रोप कमी आणि तण जास्त. वहिनी वाफ्यात बसून दिवस दिवस तण काढायची, तरी रोप विरळच. निम्मं खाचर पडीक राहिलं. दादा बांधावर उभा राहून ते बघायचा आणि त्याचे ओठ हलायचे. या सगळ्याचं त्याच्या मनात बोलणं तयार होत होतं. कुणी परक्यानं वाटेत विचारलं, "तुमच्याकडं कोन गेला, सगळा गाव अळणी खातो म्हनं?" तर दादा म्हणायचा, "अजून गेला नाय. बघू."

मग खालून बातमी आली. न विकलेलं मीठ मोखाड्याच्या दुकानात पावसाच्या ओलीनं पाझरू लागलं होतं. गोण्यांतून पाणी सुटून ओट्यावरून रस्त्यावर वाहत होतं आणि बाजारातल्या गाई तिथे जिभा लावून उभ्या होत्या. मी मुद्दाम ओढे ओलांडून ते बघायला गेलो. खरंच वाहत होतं. गुमास्ता आत काळोखात बसला होता, त्यानं मला ओळखलं आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे बघितलं. भादवा लागता लागता त्याला कंपनीनं परत बोलावून घेतलं.

त्या दिवशी पाड्यावर ढोल वाजला. काकी नाचली. तारप्याच्या सुरात तिनं अंगठीवाल्यावर एक गाणं रचून म्हटलं, त्यातले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. आम्ही जिंकलो असं सगळ्यांना वाटलं. दादाला वाटलं नाही. तो म्हणाला, "बोलना कठं आला अजून?"

नवा गुमास्ता आठ-पंधरा दिवसांत आला. किडकिडीत, तरुण, मऊ. तो गाडीत बसून आला नाही, चालत पाड्यावर आला. चपला बाहेर काढल्या, अंगणात मांडी घालून बसला, वहिनीनं दिलेली नागलीची अळणी भाकर त्यानं पुरती खाल्ली आणि चांगली आहे म्हणाला. आमच्या बोलीतले चार शब्द शिकून आला होता. चुकीचे बोलला तेव्हा स्वतःच हसला. मग दादाला घेऊन तो वाघदेवाच्या दगडापाशी गेला आणि तिथे त्यानं हात पसरले. "आधीच्यानं तुमचा अपमान केला. मला तुमच्याशी वैर नको. तुमच्यात वैर फिटायची रीत असते म्हणे. मला ती करायची आहे."

ती रीत अशी. भांडण मिटवू बघणारा वाघदेवासमोर नारळ फोडतो आणि पानावर चिमूटभर मीठ ठेवतो. दोघांनी त्या एका पानातलं मीठ चाटायचं. मीठ चाटलं की वैर फिटलं. मग कुणी मागचं उकरायचं नाही, आणि ज्याच्याकडे दुसऱ्याचं काही राहिलं असेल त्यानं ते आपणहून परत करायचं. आणि देवासमोर हात पसरून वैर फेडू मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर वाघ गुरांवर येतो. ही रीत त्याला कुणी सांगितली, हे मला अजून माहीत नाही.

तो गेल्यावर आमच्या अंगणात वाद पेटला. मी तोंडाला येईल ते बोललो. "अरे हा नवा, त्यानं काय केलंय आपलं? त्याच्याशी वैर कधी होतं? वैर आहे ते कंपनीशी! बोलणं तिनं घेतलं, राब तिनं बंद केला. हा मीठ चाटेल आणि परत काय देईल? याच्याकडे आपलं आहेच काय?"

काकी म्हणाली, "आधीच्याशी भांडान होता, तो गेला. आता या पोराशी कशाला? भाकर खाल्ली त्यानं, तोंड नाय वाकडा केला."

"काके, भाकर माणसानं खाल्ली, कंपनीनं नाही!"

"कंपनीला तोंड असता तर तिनं पन खाल्ली असती," ती म्हणाली, आणि सगळे हसले. मला रडू येत होतं.

मी दादाकडे वळलो. तो म्हणाला, "तुझा खरा हाय. पन देवासमोर हात पसरला त्यानं. मी नाय कसा म्हनू? मी नाय म्हनलो तर उद्या पाड्यातलं कोन कोनाचा वैर फेडल?" मग म्हणाला, "मीठ चाटून खोटा नाय बोलत मानूस."

दादाच्या या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्या डोंगरात ते खरंच होतं. मीठ चाटून खोटं बोललेलं माणूस मी पाहिलेलं नव्हतं.

वैर फिटलं. नारळ फुटला, पानावर पांढरी चिमूट पडली. बोलणारा म्हणून पहिलं दादानं चाटलं. इतक्या महिन्यांनी जिभेला मीठ लागलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मिठानं आलं की कशानं, मी विचारलं नाही. मग नव्या गुमास्त्यानं चाटलं. दादा त्याला म्हणाला, "आमचा बोलना तुमच्याकडं हाय. दसऱ्याला परत द्या." तो म्हणाला, "मी कंपनीला सांगतो." चांगल्या मनानंच म्हणाला असेल. त्याला लुच्चा म्हणायला मला आजही जमत नाही, आणि तो लुच्चा असता तर निदान त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

पुढच्या बाजारी सगळ्या बायका मोखाड्याला गेल्या आणि टोपल्या भरभरून मीठ घेऊन आल्या. पाड्यात घरोघरी मासळीचा वास सुटला. काकीनं आमच्याकडे वाटीभर कालवण पाठवलं. माझ्या बायकोनं पोराच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवला आणि त्याचं तोंड बघून ती किती दिवसांनी हसली. मी तिला कसा अडवू? मीही खाल्लं. दादा तेवढा अळणीच जेवत राहिला. त्याचं म्हणणं, वैर फिटलं ते माणसाशी. वाघदेवावर पान ठेवलं ते बोलणं परत मिळेपर्यंत. दसऱ्याला मिळेल, मग खाईन.

दसऱ्याला आम्ही दोघं जव्हारला निघालो. दादानं धुवट धोतर नेसलं, बाचा जुना कोट घातला. पावसाळ्यात तो इतका उतरला होता की कोट खांद्यावरून लोंबत होता. वाटभर त्याचे ओठ सारखे हलत होते. बोलणं पुरतं जुळलेलं होतं: राबाशिवाय रोप कसं होतं, निम्मं खाचर कसं पडीक राहिलं, ऐन खवळला तर मरत नाही, उलट भरतो, हवं तर कारभाऱ्यांनी येऊन बघावं.

मांडव आधीच्यापेक्षा मोठा होता. नवा गुमास्ता पुढच्या खुर्चीत बसला होता. आम्हाला बघून त्यानं मनापासून मान लववली. दादाला बरं वाटलं. त्यानं मला कोपरानं ढोसलं. मग तो गुमास्ता उभा राहिला आणि पाड्यांच्या वतीनं बोलू लागला. लोक सुखी आहेत म्हणाला. मधे थोडे गैरसमज होते, ते आता मिटले. आपण स्वतः त्यांच्या देवासमोर बसून त्यांच्याबरोबर मीठ चाटलं आहे, म्हणाला. आणि दुसरा पुरावा कशाला हवा? एक पावसाळा त्यांनी कंपनीचं मीठ नाकारलं होतं, आता सगळे आनंदानं घेत आहेत. काही दुखत असतं तर घेतलं असतं का?

कारभाऱ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी टाळी वाजवली.

दादा उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं होतं. मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या शिपायानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दांडगाई केली नाही, अगदी समजावल्यासारखं म्हणाला, "बाबा, तुमचं बोलून झालं की आता. बसा."

दादा बसला. पुढे जेवणं झाली, आम्ही जेवलो नाही.

परत निघाल्यावर दादा घरची वाट सोडून शिरपामाळाकडे, जव्हारबाहेरच्या उघड्या पठाराकडे, वळला. माळावर कुणी नव्हतं, वारा फार होता. तो कडेला गेला, कोटाची गुंडी लावली आणि बोलू लागला. पहिल्यापासून. आवाज चढवला नाही, हात उडवले नाहीत. पाणवठा, वासरं, वेठ, मग ऐन, राब, रोप, पडीक खाचर, बैलांनी चाटलेल्या भिंती, माझं पोर. एकेक ठेवत गेला. मी मागे उभा राहून ऐकलं. इतकं चांगलं तो कधीच बोलला नव्हता. बोलून झाल्यावर थोडा वेळ तसाच उभा राहिला, जणू समोरून कुणी उत्तर देणार होतं. मग म्हणाला, "चल."

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. वहिनीला चेहऱ्यावरूनच समजलं. तिनं त्याच्यासाठी वेगळं काढलेलं अळणी कालवण आणि भाकर पुढे ठेवली. दादा ताटाकडे बघत बसला. त्यानं भाकर मोडली, कालवणात बुडवली आणि परत खाली ठेवली. मला वाटलं भूक नसेल.

"थोडा मीठ दे," तो म्हणाला.